कवड्या डोंगरावरचा वारा कुणाच्या खात्यात?

पुण्याहून नगरकडे निघालेली एसटी शिरूरला घोड नदी ओलांडून जिल्ह्यात शिरते. (२०२४ पासून शहराचे व जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. जुन्या घटनांच्या संदर्भात आम्ही सवयीने नगरच म्हणू.) पुढे सुपा जवळ आले की कवड्या डोंगराच्या पठारावर उंच पांढरे खांब आणि त्यांची तीन-तीन पाती दिसू लागतात. गाडीतली लहान मुले त्यांना पवनचक्की म्हणतात, मोठी माणसेही तेच म्हणतात. शब्द तसा चुकीचाच. इथे दळले काहीच जात नाही. पण रूढ झाला आहे, तेव्हा आम्हीही तोच वापरणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकांच्या एका गटाबरोबर या पठाराच्या पायथ्याशी थांबलो होतो. जानेवारीची दुपार होती. बहुतेक पाती स्तब्ध होती. एका शिक्षकांनी विचारले, "ही वीज जाते कुणाकडे?" आम्ही सरधोपट उत्तर दिले : वाहिनीत जाते, तिथून सगळ्यांकडे. त्यांचे समाधान झाले नाही. "मग एखादी कंपनी म्हणते की आमचे संगणक शंभर टक्के वाऱ्यावर चालतात, ती कशाच्या आधारे?" हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तरासाठी या डोंगरावरच्या वाऱ्याचा आणि त्या वाऱ्याच्या हिशेबाचा इतिहास पाहावा लागतो.

वाऱ्याचा इतिहास मोजमापापासून सुरू होतो. अ‍ॅना मणी या भारतीय हवामानखात्यातल्या उपकरणशास्त्रज्ञ. पुण्याच्या वेधशाळेत त्यांनी उपकरणे बनवण्याचे आणि त्यांचे प्रमाणीकरण करण्याचे मोठे काम केले. निवृत्तीनंतर त्यांनी देशातल्या वाऱ्याच्या नोंदी पद्धतशीर गोळा केल्या. डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला भारतातील पवनऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ पुढच्या सगळ्या प्रकल्पांचा पाया ठरला. त्यात एवढी चिकाटी का लागली, हे वर्गात एका ओळीत सांगता येते : वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ किलोमीटरचा वारा ३० झाला की वेग दुप्पट होतो, ऊर्जा मात्र आठपट. म्हणजे वेगाच्या अंदाजात दहा टक्के चूक झाली तर ऊर्जेच्या अंदाजात जवळजवळ तीस टक्के चूक होते. अशा विषयात अंदाजपंचे चालत नाही.

१९८६ मध्ये देशातले पहिले छोटे पवनप्रकल्प किनाऱ्यावर उभे राहिले. महाराष्ट्र, गुजरात आणि तामिळनाडू ही त्यांतली प्रमुख राज्ये. तेव्हाचे एकेक यंत्र ५५ किलोवॅटचे होते, आज एखाद्या मध्यम आकाराच्या पिठाच्या गिरण्या दोन-चार चालतील इतके. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस लक्ष सह्याद्रीच्या पठारांकडे गेले. साताऱ्यातले वनकुसवडे आणि नगरमधले सुपा ही नावे एकदम गाजू लागली. बजाज ऑटो आणि टाटा पॉवर यांसारख्या कंपन्यांनी सुप्याजवळ पवनचक्क्या बसवल्या. पुढे नगर तालुक्यातल्या खांडके इथे टाटा पॉवरचा ५०.४ मेगावॅटचा प्रकल्प आला.

दुचाकी बनवणारी कंपनी डोंगरावर वीज का तयार करू लागली? पर्यावरणाची कळकळ हे उत्तर अपुरे आहे. त्या काळी पवनचक्कीची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येत असे. २००२ पासून हे प्रमाण ८० टक्के झाले. राज्य सरकारची विक्रीकरात सवलत होती ती वेगळीच. नफा कमावणाऱ्या कंपनीला पवनचक्की म्हणजे कर वाचवण्याचे उत्तम साधन होते. यात बेकायदेशीर काही नव्हते, सरकारला तेच हवे होते. फक्त एक गोम होती. ही सवलत यंत्र उभारण्याला मिळत होती, वीज निर्माण करण्याला नव्हे. पाती फिरोत न फिरोत, घसारा मिळे. ही चूक ध्यानात आल्यावर २००९ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना आणली. ही घसाऱ्याची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हिशेबाचा इतिहास. एका ठिकाणी सोडलेला कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या ठिकाणी भरून काढता येईल ही कल्पना फार जुनी नाही. तिचा भौतिक आधार पक्का आहे. हा वायू वातावरणात शतकानुशतके टिकतो आणि वर्ष-दोन वर्षांत सगळ्या जगभर मिसळतो. मुंबईत सोडलेल्या आणि पेरूमध्ये सोडलेल्या किलोत हवामानाच्या दृष्टीने फरक नाही. म्हणून १९७७ मध्ये फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने एक निबंध लिहून सुचवले की आणीबाणीची वेळ आलीच तर झपाट्याने वाढणारी झाडे प्रचंड प्रमाणावर लावून हा वायू तात्पुरता रोखता येईल. 'तात्पुरता' हा शब्द पुढच्या लोकांनी सोयीस्करपणे गाळला.

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या एईएस या कंपनीने कनेक्टिकट राज्यात कोळशावरचे वीजकेंद्र बांधायला घेतले आणि त्याच्या धुराची भरपाई म्हणून ग्वाटेमालातल्या शेतकऱ्यांच्या बांधावर ५ कोटी २० लाख झाडे लावण्याच्या योजनेला पैसे दिले. भरपाईचा हा पहिला मोठा प्रयोग. पुढे झालेल्या पाहणीत ठरल्यापेक्षा बराच कमी कार्बन साठल्याचे दिसले. आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. शेतकऱ्याने झाड लावले ते सरपणासाठी, फळासाठी, सावलीसाठी. त्याने कनेक्टिकटच्या धुराण्याशी करार केलेला नव्हता.

मग डिसेंबर १९९७ मध्ये क्योतोचा करार झाला. श्रीमंत देशांनी आपले उत्सर्जन कमी करायचे. ते घरी महाग पडत असेल तर भारतासारख्या देशातल्या स्वच्छ प्रकल्पाला पैसे द्यायचे आणि तिथे वाचलेला वायू आपल्या नावावर मांडायचा. या व्यवस्थेला स्वच्छ विकास यंत्रणा म्हणतात. वाचलेल्या एका टनाला एक क्रेडिट. करार अमलात आला १६ फेब्रुवारी २००५ रोजी, आणि भारतातल्या, त्यांत महाराष्ट्रातल्याही, अनेक पवनप्रकल्पांनी नोंदणीसाठी रांग लावली. २००८ मध्ये एका क्रेडिटला २० युरोंच्या वर भाव होता. २०१२ च्या अखेरीस तो एका युरोच्याही खाली आला. कांद्याचे भाव पाहिलेल्या नगरकरांना हा आलेख ओळखीचा वाटेल.

एका क्रेडिटमागे किती वारा लागतो, हे पाहू. भारताच्या वीजजाळ्यात कोळशाचा वाटा मोठा असल्याने एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पठारावरची पवनचक्की वर्षभरात तिच्या कमाल क्षमतेच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वीज देते. आपण पाचवा धरू. मग खांडक्याच्या ५०.४ मेगावॅटमधून वर्षाला मिळतील ५०,४०० × ८,७६० × ०.२, म्हणजे सुमारे ८ कोटी ८० लाख युनिटे. आणि वाचेल सुमारे ६२ हजार टन वायू. हे गणित नववीतल्या मुलांनाही जमते, आणि भरपाईच्या बहुतेक हिशेबांचा सांगाडा हाच असतो.

पण त्यात एक 'जर' दडलेला आहे. वायू वाचला असे केव्हा म्हणायचे? क्रेडिटचे पैसे मिळाले नसते तर पवनचक्की उभीच राहिली नसती, असे असेल तेव्हाच. ती नाहीतरी उभी राहणार होती, करसवलतीमुळे म्हणा किंवा वीज विकून होणाऱ्या फायद्यामुळे, तर क्रेडिट घेणाऱ्याने जगात काहीच बदल घडवला नाही. तो मात्र आपल्या कारखान्यात एक टन जास्त सोडायला मोकळा झाला. म्हणजे बेरीज शून्य नव्हे, अधिक एक टन. या कसोटीला आम्ही 'वाढीवपणा' म्हणतो. शब्द ओबडधोबड आहे, पण अर्थ कळतो. प्रयोगशाळेत नियंत्रण-नमुना ठेवतो, तशीच ही अडचण आहे : क्रेडिट न मिळालेला तोच डोंगर आपल्याजवळ तुलनेला नसतो.

राफाएल कॅलेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न भारतातल्या पवनप्रकल्पांबाबत २०२१ मध्ये तपासला. त्यांची युक्ती शिकवण्याजोगी आहे. क्रेडिट न घेता उभ्या राहिलेल्या कितीतरी पवनचक्क्या देशात होत्या. या बिनमदतीच्या प्रकल्पांपेक्षा वारा, किंमत, वाहिनीपासूनचे अंतर या बाबतींत उघडउघड सरस असूनही क्रेडिट घेतलेले प्रकल्प त्यांनी शोधले. दुबळा गडी आधाराशिवाय चढला असेल, तर तगड्याला आधार लागत होता हे कसे मानायचे? त्यांच्या हिशेबाने दिलेल्या क्रेडिटांपैकी किमान ५२ टक्के अशा प्रकल्पांच्या पदरात पडली, जे नाहीतरी उभे राहिलेच असते. आमच्या मते या विषयावरच्या सगळ्या लिखाणात एवढा एक निष्कर्ष शिक्षकांनी जरूर जवळ ठेवावा. आमच्या सहकाऱ्यांपैकी काहींना यातून पवनऊर्जाच खोटी ठरते असे वाटते. ते चूक आहे. वारा खरा, वीज खरी, वाचलेला कोळसाही खरा. शंका आहे ती तो वाचवण्याचे श्रेय कुणी कितीदा विकले याबद्दल.

आता त्या शिक्षकांच्या प्रश्नातल्या संगणकांकडे वळू. संगणकाच्या धंद्याला धुराडे नसते, त्यामुळे तो स्वच्छ वाटतो. कारकून कागदावर लिहीत होता तो पडद्यावर लिहू लागला, झाड वाचले, एवढेच आपल्याला दिसते. मागे काय असते, तर गोदामाएवढ्या इमारतीत मांडण्यांवर रचलेले हजारो संगणक. यांना सर्व्हर म्हणतात, आणि इमारतीला डेटा सेंटर. देशातल्या डेटा सेंटरांच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे. समुद्राखालच्या केबली इथे किनाऱ्याला लागतात, आणि विजेची सोय आहे, म्हणून.

एक सर्व्हर घ्या, सतत ४०० वॉट घेणारा. वर्षाची वीज ३,५०४ युनिटे. ही सगळी शेवटी उष्णता होते, आणि ती बाहेर काढायला वातानुकूलन लागते. इमारतीची एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांची वीज या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. २००७ च्या सुमारास ते रूढ झाले. ते १ असते तर थंडाव्याचा खर्च शून्य. जगातली सरासरी १.५ ते १.६ च्या दरम्यान आहे, उत्तम केंद्रांत १.१ पर्यंत उतरते. आपण १.६ धरू. मग आपला सर्व्हर वर्षाला सुमारे ५,६०० युनिटे खातो आणि त्याच्या नावावर ३.९ टन कार्बन डायऑक्साइड जमा होतो. एक सर्व्हर, एक वर्ष.

ही भरपाई झाडांनी करू म्हटले तर? वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो. कार्बनचा अणुभार १२, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. म्हणून १०० किलो कोरडे लाकूड म्हणजे ५० किलो कार्बन, म्हणजे ५० × ४४/१२ = सुमारे १८३ किलो वायू. नगरसारख्या कमी पावसाच्या मुलखात एवढे लाकूड धरायला कडुनिंबाला कित्येक वर्षे लागतात. आपल्या सर्व्हरच्या एका वर्षासाठी अशी पूर्ण वाढलेली २१ झाडे हवीत, पुढच्या वर्षासाठी आणखी २१. आणि ती जगली पाहिजेत, तोडली जाता कामा नयेत, वणव्यात जळता कामा नयेत. कागदावर रोप लावणे आणि झाड जगवणे यांत काय अंतर असते, हे या जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक आहे? राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथे डोंगर हिरवे झाले ते रोपे लावली म्हणून नव्हे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतःवर घालून घेतली, ती वर्षानुवर्षे पाळली, आणि पाणलोटाचे काम आधी केले, म्हणून झाले. शेळ्यांच्या कळपावर पोट असलेल्या घराने त्याची किंमत मोजली. त्या गावांना ते परवडले, कारण बदल्यात त्यांच्याच विहिरींना पाणी येणार होते. दूरच्या संगणक-कंपनीच्या भरपाईसाठी एखादे गाव चाळीस वर्षे चराईबंदी का पाळील, आणि त्याला त्याबद्दल काय मिळेल, हा प्रश्न अशा योजनांच्या रंगीत पुस्तिकांत आम्हाला क्वचितच आढळला आहे.

तेव्हा भरपाईआधी कपात. इथे मात्र सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते विज्ञानाच्या शिक्षकाला आवडावे असे आहे.

इन्फोसिस ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि दोन वर्षांनी बंगळूरला गेली. २०११ मध्ये तिने हैदराबादजवळ एक कार्यालय बांधले आणि त्याचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीचे, पण उत्तम प्रतीचे वातानुकूलन. दुसऱ्यात छताच्या काँक्रीटमध्ये नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी खेळवले. तापलेल्या माणसांची व यंत्रांची उष्णता प्रारणाने थंड छताकडे जाते. पाण्यात उष्णता धरण्याची क्षमता हवेपेक्षा फार अधिक, त्यामुळे थंड हवा ढकलत बसण्यापेक्षा पाणी फिरवायला कमी वीज लागते. इमारत तीच, ऊन तेच, काम तेच, फरक फक्त थंड करण्याच्या पद्धतीचा. मघाशी पवनचक्क्यांना जो नियंत्रण-नमुना मिळत नव्हता, तो इथे शेजारच्याच भिंतीपलीकडे होता. नळ्यांच्या भागात ३४ टक्के वीज कमी लागली. हे 'वाचले' असे आपण बिनदिक्कत म्हणू शकतो. कंपनीने २००८ पासून पुढच्या बारा वर्षांत दरडोई वीजवापर निम्म्याहून कमी केला आणि उरलेल्या उत्सर्जनासाठी ग्रामीण भागातल्या घरगुती बायोगॅस, सुधारित चुली अशा योजनांना पैसा देऊन २०२० मध्ये आपण कार्बन-तटस्थ झाल्याचे जाहीर केले. हा क्रम आम्हाला योग्य वाटतो : आधी स्वतःचे ताट आटोपशीर करायचे, मग उष्ट्याची व्यवस्था.

दुसरे उदाहरण लहान आहे, पण आमच्या जास्त आवडीचे. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. गावोगावी संगणक केंद्रे बसली; ऊस किती, तोडणी केव्हा, खत किती उचलले ही माहिती शेतकऱ्याला तिथे मिळे. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागातल्या मंडळींनी तिथे बसून पाहिले की या संगणकांवर प्रत्यक्षात होते काय. तर अगदी थोड्या प्रकारची माहिती, तीही काही ओळींची, पुन्हा पुन्हा मागितली जाते. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल फोन आणि लघुसंदेश वापरून पाहिला. काम तेच झाले, खर्च घटला, आणि शेतकऱ्याला केंद्रापर्यंत चालत जायची गरज उरली नाही. शंभर-दीडशे वॉटचा संगणक, त्याचा पडदा, भारनियमनात तो जिवंत ठेवायला लागणाऱ्या बॅटऱ्या, हे सारे एका फोनने हटवले. हे प्रयोग केले गेले खर्चासाठी, पर्यावरणासाठी नव्हे. पण कपातीचे सर्वांत मोठे साधन यातच आहे : या कामाला एवढे यंत्र खरोखर लागते का, असे विचारणे.

मोठ्या केंद्रांतही हाच प्रश्न लागू पडतो. २००७ च्या सुमारास गूगलच्या अभियंत्यांनी दाखवून दिले की रिकामा बसलेला सर्व्हर पूर्ण कामाच्या वेळच्या जवळपास निम्मी वीज खातच असतो. दहा अर्धपोटी यंत्रांचे काम तीन यंत्रांवर एकवटले की उरलेली सात बंद करता येतात. अशा उपायांमुळे २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरांचे काम साडेसहापट झाले, वीज मात्र केवळ ६ टक्क्यांच्या आसपास वाढली. अभियांत्रिकीच्या इतिहासात असे क्वचित घडते. पण हा काळ संपला आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये डेटा सेंटरांनी ४१५ अब्ज युनिटे, म्हणजे जगातल्या विजेच्या दीड टक्का वापरली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामामुळे हा आकडा झपाट्याने चढतो आहे. फोन, संगणक बनवतानाच सुटणारा वायू आणि शेवटी होणारा इलेक्ट्रॉनिक कचरा हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. एवढेच सांगतो की स्मार्टफोनच्या बाबतीत आयुष्यभराच्या उत्सर्जनाचा मोठा भाग तो दुकानात येण्याआधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे तो एक वर्ष जास्त वापरणे हीसुद्धा कपातच.

कपात करून उरलेल्या विजेसाठी कंपनी कवड्या डोंगराकडे येते. पारनेर तालुक्यात वीज तयार करायची, महावितरणच्या तारांतून ती 'वाहून' न्यायची आणि मुंबई-पुण्याच्या बिलातून तेवढी युनिटे वजा करून घ्यायची, अशी सोय कायद्याने आहे. प्रत्यक्षात सुप्याचे इलेक्ट्रॉन ऐरोलीला जात नाहीत. ते जवळच्या कुणाच्या तरी मोटारीत खर्च होतात. ही बँकेसारखी पद्धत आहे. आपण भरलेली तीच नोट आपल्याला परत मिळत नाही, तरी खाते जुळते.

खाते कशाच्या मुदतीत जुळवायचे, इथे खरी मेख आहे. आपल्या पठारांवरचा वारा मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. वर्षाच्या निर्मितीचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. डेटा सेंटर मात्र बारा महिने, चोवीस तास सारखेच जेवते. गणित पाहा : ५० मेगावॅटचे सतत चालणारे केंद्र वर्षाला सुमारे ४३ कोटी ८० लाख युनिटे घेते. खांडक्यासारखे पाच प्रकल्प त्याच्या नावे लावले की वार्षिक हिशेब जुळतो आणि 'शंभर टक्के वाऱ्यावर' अशी पाटी लागते. पण आषाढात त्या पाच प्रकल्पांची वीज केंद्राच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक असते आणि पौषातल्या संध्याकाळी जवळजवळ काहीच नसते. त्या संध्याकाळी केंद्र चालते ते कोळशावर. वर्षाच्या बेरजेत हा कोळसा दिसत नाही.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये अशी 'जमा' वीज वर्षभर साठवून ठेवण्याची सवलत काढून हिशेब महिन्याचा केला. कारण महसुलाचे आणि जाळ्याच्या व्यवस्थापनाचे होते, परंतु विज्ञानाच्या बाजूनेही ते योग्य दिशेचे पाऊल आहे. गूगलने २०१७ पासून आपला वार्षिक वीजवापर आणि नवीकरणीय खरेदी यांची बरोबरी साधली. नंतर तिलाच ते अपुरे वाटले आणि २०३० पर्यंत प्रत्येक तासाचा हिशेब स्वच्छ करण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले. तिच्याच २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मधले तिचे उत्सर्जन २०१९ च्या मानाने ४८ टक्क्यांनी वाढलेले होते. तासाचा हिशेब अवघड असतो, हे तिनेच लपवलेले नाही.

तासाचा हिशेब जुळवायचा तर वीज साठवावी लागते, आणि याचे उत्तम उदाहरण या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात आहे. घाटघरला सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आहे आणि चारशे मीटरांहून अधिक खाली, ठाणे जिल्ह्यातल्या चोंढे इथे, दुसरा. २००८ मध्ये सुरू झालेले हे २५० मेगावॅटचे केंद्र वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घेते. एक घनमीटर पाणी ४०० मीटर चढवायला १,००० × ९.८ × ४०० जूल, म्हणजे थोडी अधिक एक युनिट ऊर्जा लागते. ते उतरताना सगळी परत मिळत नाही. चढण्या-उतरण्यात मिळून साधारण चौथा हिस्सा जातो. म्हणजे आपल्या ४०० वॉटच्या सर्व्हरला, थंडाव्यासकट, एका रात्रीच्या बारा तासांसाठी आठ-नऊ घनमीटर पाणी डोंगरावर तयार ठेवावे लागेल. हजार सर्व्हरांना किती, ते मुलांना काढू द्यावे. घाटघरसारख्या जागा मोजक्या, आणि तेही पाणी दिवसांचा प्रश्न सोडवते, ऋतूंचा नाही. श्रावणातला वारा पौषापर्यंत राखून ठेवता येईल एवढा जलाशय सह्याद्रीत कुठेच नाही. म्हणून कोरड्या महिन्यांसाठी वाऱ्याच्या जोडीला सूर्य हवा. राळेगणसिद्धीला २०१७-१८ मध्ये शेतीपंपांसाठी सौर वाहिनीचा पहिला प्रयोग झाला तो यामुळेही महत्त्वाचा आहे : पंप दुपारी चालवता येतो, त्यासाठी पाणी साठवून रात्री द्यायची गरज नाही. संगणकाचीही काही कामे अशी असतात. हिशेबाचे मोठे तक्ते, जुन्या नोंदींच्या प्रती काढणे, ही कामे रात्री अकराऐवजी दुपारी बाराला केली तर कोणाचे अडत नाही. काही कंपन्यांनी अशी कामे ऊन-वारा पाहून पुढेमागे सरकवायला सुरुवातही केली आहे. शेतकरी वीज येईल तेव्हा उठून मोटार लावतो, तसेच काहीसे. फरक इतकाच की सर्व्हरला रात्री अंधारात विंचू चावत नाही.

त्या जानेवारीच्या दुपारी आम्ही शिक्षकांना एवढे सगळे सांगू शकलो नाही. बस सुटायची वेळ झाली होती. निघताना त्यांनी एका वहीत तारीख, वेळ आणि फिरणाऱ्या पात्यांची संख्या टिपून घेतली : दिसणाऱ्या एकोणीसपैकी तीन. पुढे शाळेच्या जाता-येता त्यांचे विद्यार्थी वर्षभर ही नोंद ठेवत होते. जुलैच्या पानांवर एकोणीसपैकी एकोणीस असे ओळीने लिहिलेले आहे.